परत येण्याची वेळ

रफीक, आज मस्टरवर तुझ्या नावासमोर लाल शाईने 'मयत' लिहिलं. तुझ्या शेवटच्या सहीनंतरच्या चौकटीपासून महिनाअखेरीपर्यंत एक रेघ ओढली आणि तिच्यावर तो शब्द. रेघ वाकडी आली. पट्टी कपाटात होती, पण काढली नाही. तारीख टाकली, सही केली, शिक्का मारला. तेवढ्यात परिपाठाची घंटा झाली, तसा पेन खिशाला लावून बाहेर गेलो.

मला अजून रडू आलेलं नाही. आधीच सांगून टाकतो, कारण तू विचारलं असतंस. बारा दिवस झाले. जेवतो, झोपतो, सकाळची गाडी पकडतो, वर मागितलेली माहिती भरून पाठवतो. घरी बायको मधूनमधून माझ्याकडे बघते. मी एकदा रडून घेतलं तर बरं, असं तिला वाटतं. मलाही वाटतं. पण येतच नाही, त्याला काय करू?

अकोल्याला तुला माती द्यायला आलो तेव्हा कब्रस्तानापर्यंत रस्ता मास्तरांनी भरला होता. मोर्चाला यायचे तेच सगळे चेहरे, फक्त घोषणा नव्हत्या. मी मागेच उभा होतो. कोणीतरी म्हणालं, "ह्यायले समोर येऊ द्या, ह्यायच्याच शाळेवर होते सर." वाट झाली. मी तीन मुठी माती टाकली. ओली काळी माती, नखात बसली. आणि खरं सांगू? त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की उद्या पोषण आहाराचा तांदूळ उतरणार आहे आणि कोठीची चावी रफीककडे आहे. चोवीस वर्षांचा सोबती खाली झोपलेला, आणि हा हेडमास्तर चावीचा विचार करतोय. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

चावी तुझ्या टेबलाच्या खणात सापडली. सुतळीने पुठ्ठा बांधला होतास आणि त्यावर तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात 'कोठी' लिहिलं होतंस.

मग पोर्टलवरून तुझं नाव कमी करायला बसलो. कारण निवडा म्हणे. बदली, पदोन्नती, सेवानिवृत्ती, मृत्यू. मृत्यूवर बोट ठेवलं तर ते यंत्र मलाच विचारतं, आपली खात्री आहे का? मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो. तोवर नेट गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा भरलं. तू असतास तर म्हणाला असतास, "पाह्यलं? मरून बी एका खेपेत सुटका नाई मास्तराची."

आपण एकाच दिवशी रुजू झालो होतो. मी बडनेऱ्याचा, तू अकोल्याचा, आणि शाळा बरोबर मधे, मूर्तिजापूरहून दर्यापूरच्या अंगाला, फाट्यावरून आत. दोघेही शिक्षणसेवक. काम पूर्ण गुरुजीचं आणि मानधन असं की कपाशी वेचायला जाणाऱ्या बाया विचारायच्या, "एवढ्यात कसं भागते गुरुजी?" तू अकोल्याच्या गाडीने मूर्तिजापूरला उतरायचास, मी बडनेऱ्याच्या. स्टेशनाबाहेर तुझी मोटारसायकल ठेवलेली असायची. तू पुढे, मी मागे. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या दिशेने. तुझी गाडी एका फलाटावर, माझी दुसऱ्यावर. फलाट ओलांडायच्या दादऱ्याच्या पायरीशी थांबून तू रोज म्हणायचास, "येतो बरं विलासभाऊ." मी म्हणायचो, "ये." एकवीस वर्षं, सुट्ट्या वगळून, रोज एवढंच.

आपली सगळी भांडणं त्या मोटारसायकलवर झाली. तू पुढून ओरडायचास, मी मागून. अर्धी वाक्यं वाऱ्यात जायची. कितीदा तरी फाट्यावर गाडी थांबवून तू मान वळवायचास, "काय म्हटलं?" आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. त्यातलं एकही भांडण संपलं नाही. शाळा यायची आणि पोट्टे गाडीला गराडा घालायचे.

मी म्हणायचो, पगार आता बरा झालाय, कबूल कर. सातवा आयोग लागला, हप्ते फिटले, घरं झाली. आता तरी कोणीतरी विचारू दे ना, की बाबा रे, तुझ्या वर्गात किती पोरांना वाचता येतं? त्यावर तू एकदम पेटायचास. "विचारा न! पण त्या पोरीचा बाप तिले दोन महिने वेचणीले नेते, ते बी विचारा. निवडणुकीच्या याद्या कोण करते, ते विचारा. जनावरं मोजाले मास्तर, संडास मोजाले मास्तर, अन् पोरगी अडकली का नापास कोण? मास्तरच!" मी म्हणायचो, ते सगळं खरं, पण जो शिकवतो आणि जो शिकवत नाही, दोघांना सारखाच पगार हा न्याय कुठला? तू म्हणायचास, "सारखाच पायजे. नाईतर साहेबाच्या मागं पिशवी धरून फिरते त्याले जास्त भेटन, अन् तू राह्यशीन फळा पुसत." तेही खरंच होतं. आजही आहे. पण तुझ्या बोलण्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, हे तुलाही माहीत होतं.

संघटनेत तू शिरलास तो माझ्यासमोरच. तालुक्याचा अध्यक्ष झालास तेव्हा पेढे मीच वाटले. तुझी एक गोष्ट मी कुणाजवळ कबूल केली नाही, ती आता करतो. आपल्या दोघांना जुनी पेन्शन होती, ती बंद झाली त्या तारखेच्या आधी आपण लागलो होतो म्हणून. नव्या पोरांना नव्हती. मी तुला एकदा टोमणा मारला, तुझी पेन्शन पक्की आहे, तू कशाला घसा फोडतोस? तू गाडी चालवत चालवत म्हणालास, "माह्यी हाय म्हणूनच ओरडतो. ज्याची नाई तो ओरडला का लोक त्याले भिकारी म्हणतात." ते वाक्य पुढे मी चारचौघांत माझं म्हणून वापरलं. तुझं नाव घेतलं नाही.

आणि ती वेलांटी. पगार ऑनलाइन झाला तेव्हा माझ्या नावात कुणीतरी पहिली वेलांटी सोडून दुसरी दिली आणि 'विलास'चा 'वीलास' झाला. बँकेत एक, कार्यालयात एक. चार महिने पगार नाही. बायको तेव्हा अमरावतीला दवाखान्यात होती. मी तीन अर्ज दिले, तिन्ही हरवले. तू एका सकाळी तालुक्याला गेलास आणि बाबूच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसलास. वर्तमानपत्र काढलंस. बाबू म्हणाला, "सर, साहेब दौऱ्यावर हायेत." तू म्हणालास, "मी कुठं साहेबाले भेटाले आलो? मी वेलांटी पाहाले आलो. ती दुरुस्त झाली का उठतो." संध्याकाळी पाचला उठलास. त्या महिन्यात पगार आला. मी तुला धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

पण त्या दिवशी तुझा चौथीचा वर्ग कोणी सांभाळला, रफीक? मीच. दुसऱ्या दिवशी तू धारणीकडे बदली झालेल्या एका बाईंचं प्रकरण घेऊन गेलास, अंगावरचं मूल होतं त्यांना, तेही काम खरंच होतं. तेव्हाही मीच. असं वर्षानुवर्षं. आपल्या शाळेत ते हालचाल रजिस्टर आहे ना, शाळेच्या वेळेत बाहेर जाणाऱ्याने नोंद करायची, त्यात पानंच्या पानं तुझी. कारण: पंचायत समिती, कार्यालयीन काम. जाण्याची वेळ: अकरा दहा. परत येण्याची वेळ: कोरी. प्रत्येक ओळीत तो रकाना कोरा. मी एकदा चिडून म्हणालो, परतीची वेळ तरी टाकत जा, उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू? तू हसलास. "ते माह्या हातात हाय का? साहेब भेटला तर दुपारी, नाई भेटला तर दिवस गेला." आणि हेल्मेट घालून निघालास.

तू वर्गात असलास की कसा शिकवायचास, ते मी दाराआडून ऐकलेलं आहे. पाढ्यांना चाल लावायचास. पोरं हसत हसत भागाकार करायची. म्हणून तर राग जास्त यायचा. ज्याला येतच नाही तो गैरहजर राहिला तर एवढं दुःख होत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची ती सभा तू विसरला नसशील. आपल्याकडे खिचडी शिजवणारी लताबाई समितीची सदस्य होती, आणि तिची आरती तिसरीत; त्या वर्षी तिसरी-चौथी दोन्ही तुझ्याकडे होत्या. एरवी लताबाई तोंडातून शब्द काढत नाही. त्या दिवशी पदर सावरत उठली आणि सरळ तुलाच म्हणाली, "सर, तुमी लय भांडता, आयकतो आमी. पण माह्यी पोरगी अजून अक्षर जोडू-जोडू वाचून राह्यली. तुमी वर्गात कधी राह्यता?" तू खाली बघत होतास. मनातून मला बरं वाटलं. हे मी आज प्रथमच सांगतोय. मला बरं वाटलं की कुणीतरी विचारलं.

त्यानंतर दोन महिन्यांत संप आला. मी संपात उतरलो नाही. शाळा उघडी ठेवली, परीक्षा तोंडावर होत्या. थोडा हट्टही होता, नाही कशाला म्हणू? तिसऱ्या दिवशी तुमचा टेम्पो गावात आला, वर भोंगा. शाळेच्या फाटकाला कुणीतरी हिरव्या बांगड्यांचं पाकीट लटकवलं. माझ्यासाठी. पोरं खिडकीतून बघत होती, लताबाई चुलीपाशी उभी राहून बघत होती. पाकीट लटकवणारा तू नव्हतास, हे मला दिसलं. तू टेम्पोत होतास, हातात माईक धरून. तू माईकवर एक शब्द बोलला असतास, ए, काढा ते, एवढंच, तरी पुरे होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि टेम्पो पुढे गेला.

पाकीट मी स्वतः काढलं. लताबाईला म्हटलं, घाल, चांगल्या आहेत. तिने घेतल्या नाहीत.

मार्चअखेरीला गोपनीय अहवाल लिहायला बसलो. आपल्या खात्यात तो कसा लिहितात, हे तुला मी सांगायची गरज नाही. प्रत्येकाच्या रकान्यात 'समाधानकारक'. जो शिकवतो तोही समाधानकारक, जो झोपा काढतो तोही समाधानकारक. मी एकवीस वर्षं तेच बघत आणि लिहीत आलो. त्या वर्षी तुझ्या अहवालात लिहिलं: 'शाळेत असताना अध्यापन उत्तम. शाळेतील उपस्थिती अत्यंत कमी. वर्गाचे नुकसान होत आहे.' तीन वाक्यं, आणि तिन्ही खरी.

पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आरती नव्हती. फाटकाला लटकलेलं ते पाकीट होतं. जे खरं होतं तेच लिहिलं, पण रागाने लिहिलं. बांगड्या नसत्या तर मी त्याही वर्षी 'समाधानकारक'च लिहून मोकळा झालो असतो. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तत्त्वाने वागलो. आज तुझ्यापुढे ते म्हणवत नाही.

शेरा प्रतिकूल, म्हणून तो रीतसर तुला कळवावा लागला. एक महिन्यात अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्धचं आपलं म्हणणं, देता येईल, असं त्या पत्रात छापलेलंच असतं. अर्ध्या तालुक्याची अभिवेदनं तूच लिहून द्यायचास. एकेका शेऱ्याच्या चिंध्या करायचास कायद्याने. मी वाट बघत होतो. तुझं अभिवेदन आलं की आपण खुलासा मवाळ करू, शेरा सौम्य होईल, आणि जमलं तर त्या निमित्ताने बोलूही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. पत्राच्या पोचेवर तू लिहिलंस, 'वाचले', आणि सही. महिना गेला. तुझा एक ओळीचाही कागद आला नाही.

पत्र हाती पडलं त्या संध्याकाळीच स्टेशनाच्या दादऱ्याशी तू थांबला नव्हतास. "चाललो मी," एवढं म्हणून पायऱ्या चढलास. आपल्याकडे कोणी घरातून निघताना 'चाललो' म्हणालं तर बायका मागे वळून बघतात. मी आठवडाभर ते ऐकलं आणि मग जुनी मोटारसायकल घेऊन टाकली. बायकोला म्हटलं, सोयीचं पडतं. तेव्हापासून स्टेशनाबाहेरून दोन मोटारसायकली निघायच्या, एकाच शाळेला, एकाच रस्त्याने. कधी तू पुढे, कधी मी. फाट्यावर गावकरी बघायचे. शाळेत 'विलासभाऊ'चे 'मुख्याध्यापक साहेब' झाले. संध्याकाळी दाराशी उभा राहून, "चाललो, साहेब."

आणि तू वर्गात यायला लागलास.

संघटना सोडली नाहीस, ती तू कशाला सोडशील? भांडणं सगळी तशीच चालू होती, पण पाच वाजल्यानंतर, नाहीतर रविवारी. साडेदहाला चौथीच्या दारात तू उभा. मी बघत होतो. वाचायला पुस्तकं कमी पडायची, तर तू संघटनेची उरलेली पत्रकं आणलीस, गठ्ठ्याने. कोऱ्या बाजूला गणित आणि छापील बाजूला वाचन. एक दिवस व्हरांड्यातून जाताना ऐकलं, चौथीची पोरं एका सुरात फाडफाड वाचतायत: 'जुनी पेन्शन लागू झालीच पाहिजे! अशैक्षणिक कामे बंद झालीच पाहिजेत!' जोडाक्षरांसह, एकही चूक नाही. मी दारात थांबलो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी रागावेन, असं तुला वाटलं असेल. बाप्पा, मला इतकं हसू आलं होतं! आणि मी चेहरा तसाच ठेवून पुढे गेलो. कार्यालयात जाऊन एकटाच हसलो. तिथेच, दारातच हसायला हवं होतं मी.

लताबाईची आरती तुझ्या हाताखालून वाचायला शिकून पाचवीला गेली. आता दर्यापूरच्या शाळेत जाते. परवा लताबाई सांगत होती, तुझी बातमी तिला आरतीनेच पेपरातून वाचून दाखवली.

चोवीस वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या पगाराच्या, निवडश्रेणीच्या यादीत तुझं नाव आलं नाही, तेव्हा सगळा तालुका हळहळला. अध्यक्षाचंच नाव नाही! कारण फक्त दोघांना माहीत होतं, तुला आणि मला. यादी लागली त्या दिवशीही तू साडेदहाला वर्गात होतास.

आता तो दिवस. मी तालुक्याला सभेत होतो. विषय काय, तर शिक्षकांची कामगिरी कशी मोजावी. भिंतीवर रंगीत खांब दाखवत होते. कोणत्या केंद्रातली किती पोरं वाचतात, त्याचे खांब. आपल्या शाळेचा खांब उंच होता, साहेबांनी मला उभं केलं, टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी खिशात फोन थरथरला. तुझं नाव. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तीन वर्षांत तू मला कामाशिवाय फोन केला नव्हतास, म्हणून वाटलं तांदळाचं काहीतरी असेल. सभा संपल्यावर लावला, तर लताबाईच्या नवऱ्याने उचलला. त्याच्या ऑटोत तुला मूर्तिजापूरला नेलं होतं, तिथून अकोल्याला पाठवलं. "सर, रस्त्यातच..." एवढंच म्हणाला. टाळ्या तुझ्या होत्या, रफीक. त्या पोरांना वाचायला तू शिकवलंस. उभा मी राहिलो.

काल तुझ्या घरी गेलो होतो, सह्यांचे कागद घेऊन. शमीमभाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस परक्यासमोर यायचं नाही, म्हणून पडद्याआडून बोलल्या. कागद तुझ्या मेव्हण्याने आत नेले, बाहेर आणले. चहा आला. निघताना पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "भाईसाब, वो निवडश्रेणी का काम आफिस में अटका है बोल रहे थे. कुछ कागज की गलती हो गई, विलासभाऊ देख रहे हैं, बोलते थे. अब आपही देखो."

म्हणजे तू घरी सांगितलंच नव्हतंस. बायकोलाही नाही. उलट विलासभाऊ बघतायत म्हणून सांगत होतास. घरी मी विलासभाऊच होतो.

मी चप्पल घालता घालता म्हणालो, "बघतो, भाभी." बाहेर येऊन गाडीला किक मारली, तर ती तीनदा बंद पडली. तेव्हाही रडू आलं नाही. पाणी प्यालो आणि चौथी किक मारली.

रात्रभर विचार करून... नाही, खोटं कशाला बोलू, झोप लागली मला. सकाळी गाडीत बसल्यावर ठरवलं. तुझं अभिवेदन मी लिहिणार. शेरा मीच लिहिला आणि त्याच्या विरुद्धचा कागदही मीच लिहिणार. आपल्या खात्यात असं कोणी केलेलं नाही. बाबू लोक हसतील, साहेब विचारतील, मुदत संपली म्हणून परतही करतील. करू देत. मग मीही खुर्ची टाकून बसेन वर्तमानपत्र घेऊन. लिहिणार की शेरा त्या वर्षापुरता खरा होता, मात्र तो लिहिताना लिहिणाऱ्याचं मन साफ नव्हतं. आणि त्यानंतर तीन वर्षं हा शिक्षक शाळेच्या वेळेत एकदाही शाळेबाहेर गेला नाही. पुरावा म्हणून हालचाल रजिस्टर जोडणार. तुझ्या घरच्यांची पेन्शन शेवटच्या पगारावर ठरणार आहे, तेव्हा हे झालंच पाहिजे. बघ, मीही पत्रकासारखा बोलायला लागलो.

मस्टरवर ती रेघ ओढून, परिपाठ संपवून, दुपारी रजिस्टर काढलं झेरॉक्ससाठी. जुनी पानं तुझ्या नावाने भरलेली. मग तो मार्च. त्यानंतर तुझं नाव नाही. पानं उलटत गेलो. माझ्या नोंदी, बाकीच्यांच्या नोंदी, तुझी एकही नाही. एक वर्ष, दोन, तीन. पुरावा पक्का होता.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर आलो. त्या दिवसानंतर कुणी हे रजिस्टर उघडलंच नव्हतं. वरची ओळ माझी. कारण: सभा, तालुका. जाण्याची वेळ: दहा पंचेचाळीस. परत येण्याची वेळ: दोन, जातानाच अंदाजाने टाकलेली. तिच्या खालची ओळ तुझी होती. छातीत कळ येत असताना, ऑटो दारात उभा असताना, तू कार्यालयात येऊन नोंद केली होतीस. कारणाच्या रकान्यात: 'दवाखाना. छातीत जड वाटते. चौथीला पान बत्तिसावरील उतारा वाचायला दिला आहे.' जाण्याची वेळ: अकरा पन्नास. अक्षर तेच, फक्त ओळ खाली घसरत गेलेली.

परत येण्याची वेळ या रकान्यात चोवीस वर्षांत तू कधी काही लिहिलं नव्हतंस. आज तिथे एक शब्द होता. हे रजिस्टर माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, हे तुला माहीत होतं.

'येतो.'

रजिस्टर पुढ्यात घेऊन बसून राहिलो. शाळा सुटली, पोरं गेली, लताबाई भांडी घासून कुलूप मागायला आली आणि मला बघून दारातूनच परत फिरली. कागद ओला होत होता, शाई पसरेल म्हणून मी बाहीने टिपत होतो. तुझा पुरावा आहे तो, खराब करून चालणार नाही.

बरं, रफीक. ये.